उन्हाळ्यात कळसूबाईची वाट

नवरात्रात कळसूबाईच्या डोंगरावर यात्रा भरते. आसपासच्या गावांतले पुष्कळ लोक देवीच्या दर्शनाला जातात. तुम्हीही कधी गेला असाल. त्या दिवसांत डोंगर हिरवागार असतो. ओढ्यांना पाणी असते. वारा गार असतो. वयस्कर माणसेसुद्धा बसत-उठत वर जाऊन येतात.

मग उन्हाळा येतो. शाळांना सुटी लागते. शहरातले पाहुणे गावी येतात. त्यांची पोरे हट्ट धरतात, "आम्हाला कळसूबाईला न्या." आपण म्हणतो, "चला की! त्यात काय? वाट आपल्या पायाखालची आहे."

इथेच आपण फसतो. वाट तीच असते, पण नवरात्रातली वाट वेगळी आणि वैशाखातली वाट वेगळी. नवरात्रात जी वाट पाय धरून ठेवते, तीच वैशाखात पाय सोडून देते. हे असे का होते आणि त्यासाठी काय करावे, ते या पाठात सांगतो. पुस्तकात वाचून सांगत नाही. मी स्वतः एकदा चुकलो आहे, म्हणून सांगतो.

डोंगर केवढा आहे?

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. त्याची उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट आहे. हे शिखर अकोले आणि इगतपुरी या दोन तालुक्यांच्या हद्दीवर येते. अकोले तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. या जिल्ह्याचे जुने नाव अहमदनगर. इगतपुरी तालुका नाशिक जिल्ह्यात आहे.

बहुतेक लोक पायथ्याच्या बारी गावातून चढतात. बारीपासून माथ्यापर्यंत अडीच हजार फुटांहून जास्त चढ आहे. चांगल्या चालीच्या माणसाला वर जायला तीन तास लागतात. उतरायला दोन-अडीच तास लागतात. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. तिथून भंडारदऱ्याचे धरण दिसते. अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले दिसतात.

कळसू नावाची कोळ्याची मुलगी कामाला राहिली, पण भांडी घासायला लावली म्हणून रुसून डोंगरावर गेली आणि तिथेच राहिली, अशी कथा लोक सांगतात.

माझ्या हातून झालेली चूक

या गोष्टीला आता तीस वर्षे होत आली. मी नुकताच हेडमास्तर झालो होतो. वार्षिक परीक्षा संपली होती. सातवीच्या बावीस मुलांना घेऊन मी कळसूबाईला निघालो. एप्रिलचा शेवट होता.

पहाटे निघायचे ठरले होते. पण कोणाचा डबा राहिला, कोणाची टोपी राहिली. पायथ्याशी एका घरी चहा झाला. गप्पा झाल्या. चढायला लागलो तेव्हा नऊ वाजले होते.

प्रत्येक मुलाजवळ पाण्याची एकच बाटली होती. मी म्हणालो, "काळजी नको. माथ्याच्या खाली विहीर आहे. तिथे भरून घेऊ." विहिरीजवळ पोहोचलो. पण आमच्याजवळ ना दोर, ना पोहरा! मुले काठावर उभी राहून नुसती आत बघत राहिली. तो देखावा मी अजून विसरलो नाही.

दर्शन घेऊन उतरायला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. मुलांच्या पायांत झिजलेल्या चपला. दर दहा पावलांना कोणी तरी घसरत होते. एक मुलगा मागे पडू लागला. आधी तो म्हणाला, "गुरुजी, डोकं दुखतंय." मी म्हणालो, "चल, चल, आता थोडंच राहिलं." पुढे तो अडखळू लागला. मग मध्येच हसला आणि म्हणाला, "बैल सोडायचेत, मी जातो." तिथे कुठे बैल? माझ्या पोटात गोळा आला.

तेवढ्यात शेळ्या राखणारे एक म्हातारे बाबा आले. त्यांनी मुलाचे अंग चाचपले. तव्यासारखे तापले होते. त्यांनी त्याला उचलून खडकाच्या सावलीत नेले. स्वतःच्या कॅनमधले पाणी डोक्याच्या फडक्यावर ओतले. ते ओले फडके मुलाच्या मानेवर आणि छातीवर ठेवले. मला म्हणाले, "टोपीनं वारा घाला, थांबू नका." बऱ्याच वेळाने मुलगा भानावर आला. आम्ही त्याला आळीपाळीने उचलून खाली आणले. दवाखान्यात सलाईन लावावे लागले. दोन दिवसांनी तो घरी आला.

बाबा मला एवढेच बोलले, "गुर्जी, डोंगर काय पळून चाललाय का? पहाटं यायचं."

आणि मुलाची आई म्हणाली, "तुमच्याबरोबर होता, म्हणून मी निर्धास्त होते." ती रागावली असती तर बरे झाले असते. ते वाक्य मला अजून टोचते.

त्या दिवशी माझ्या तीन चुका झाल्या. वेळ चुकली. पाणी कमी पडले. पायताण बघितले नाही. आता या तिन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

वाट का निसटते?

आपला सह्याद्री काळ्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस बाहेर आला. त्याला लाव्हा म्हणतात. तो पसरला आणि थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. भाकरीवर भाकरी ठेवावी तसे हे थर आहेत. काही थर कठीण, काही ठिसूळ. कठीण थराचा कडा होतो. ठिसूळ थर झिजतो आणि त्याचा मुरूम होतो. म्हणून कळसूबाईची वाट सारखी नाही. कुठे उभा कातळ, कुठे मुरमाचा उतार, कुठे थोडी सपाटी.

आता हा मुरूम पाहा. ओल्या वाळूचा लाडू वळता येतो. कोरड्या वाळूचा वळत नाही. कारण ओलीत पाणी कणांना एकमेकांशी धरून ठेवते. पाऊस सरल्यावर जमिनीत थोडी ओल असते. तेव्हा मुरूम दबून घट्ट बसतो. वैशाखात सगळी ओल उडून जाते. मग प्रत्येक खडा सुटा होतो. अशा खड्यांवर पाय ठेवणे म्हणजे सांडलेल्या ज्वारीवरून चालणे.

वाळलेले गवतही फसवते. ते उताराच्या दिशेने आडवे पडते आणि गुळगुळीत होते. त्यावरून पाय सरकतो. तोल गेला की हात आपोआप गवताकडे जातो. पण सुकलेले गवत मुळासकट हातात येते. सुकलेली कारवी कट्‌कन मोडते. म्हणून आधार घ्यायचा तर जमिनीत पक्क्या रुतलेल्या दगडाचा घ्यावा. तोही आधी हलवून बघावा, मगच त्यावर भार टाकावा.

वळणाची वाट सोडून सरळ आडवाट धरू नये. आडवाटेने गवत मरते, माती सुटते आणि पावसाळ्यात तिथे ओहोळ पडतो. मग पुढच्या उन्हाळ्यात तिथे मुरमाची नवी घसरण तयार होते. आपली दोन मिनिटे वाचतात, पण दुसऱ्याचा पाय मोडतो.

पायात खाचा असलेल्या तळाचे बूट असावेत. तळ झिजून गुळगुळीत झालेली चप्पल नको. काही जणांचा अनवाणी चढण्याचा नवस असतो. नवस अवश्य फेडावा. पण उन्हाळ्यात फेडू नये, थंडीत फेडावा. उन्हाळ्यातच जायचे असेल, तर उतरताना घालायला पायताण पिशवीत ठेवावे. सकाळी गार असलेला कातळ दुपारी पाय भाजतो.

शिड्या

उभ्या कातळाच्या जागी लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. त्यांच्यामुळे चढण पुष्कळ सोपी झाली. पण लोखंड लवकर तापते. दुपारी शिडीच्या दांड्याला हात लावला की चटका बसतो. चटका बसला की माणूस हात सोडतो. अपघात होतो तो इथे. यावर चांगला उपाय एकच. ऊन तापायच्या आधी शिड्या चढून उतरून मोकळे व्हावे.

शिडीवर दोन्ही हात रिकामे हवेत. सामान पाठीवर घ्यावे. खाली उतरताना तोंड शिडीकडे ठेवावे, दरीकडे नको. शिडीवर दाटी करू नये. पुढचा माणूस उतरून बाजूला झाला की मगच मागच्याने पाय टाकावा.

पाणी किती न्यावे?

डोंगरावर उंच गेले की हवा थंड होते. दर हजार फुटांना साधारण दोन अंश उष्णता कमी होते. म्हणजे बारीत पारा ३८ अंशांवर असेल, तर माथ्यावर तो पाच अंशांनी कमी असतो. वर वाराही असतो. माणसाला बरे वाटते. तो म्हणतो, "इथे कुठे ऊन आहे?" हीच फसवणूक आहे. घाम तर येतच असतो. वारा तो लगेच वाळवतो. सदरा ओला होत नाही, म्हणून घाम गेलेला कळत नाही. अंगातले पाणी मात्र कमी होत राहते.

घाम हा शरीराचा माठ आहे. माठ पाझरतो म्हणून आतले पाणी गार राहते. अंगाला घाम येतो म्हणून शरीर गार राहते. माठातले पाणी संपले तर पाझरणार काय? तसेच शरीराचे आहे. पाणी संपत आले की घाम कमी होतो आणि अंग तापू लागते.

म्हणून उन्हाळ्यात कळसूबाईला जाताना माणशी चार लिटर पाणी न्यावे. ओझे वाटते, पण ते जाताना हलके होत जाते. तहान लागायची वाट पाहू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. अर्धे पाणी संपले की मागे फिरावे, मग माथा समोर दिसत असला तरी! उतरायलाही पाणी लागते, हे विसरू नये. माथ्याखालच्या विहिरीच्या भरवशावर रिकामी बाटली घेऊन चढू नये. मी तो प्रयोग करून पाहिला आहे!

घामाबरोबर मीठही जाते. म्हणून नुसते पाणीच पीत राहू नये. बरोबर मीठ घातलेले लिंबाचे सरबत किंवा ताक असावे. घरी जलसंजीवनीही करता येते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, लहान. हे प्रमाण मोडू नये.

लघवी गडद पिवळी झाली, की पाणी कमी पडले असे समजावे.

ऊन लागले हे कसे ओळखावे?

आधी लहान खुणा दिसतात. डोके दुखते. मळमळते. चक्कर येते. पायात गोळे येतात. खूप घाम येतो. अशा माणसाला तिथेच सावलीत बसवावे. पाणी आणि सरबत थोडे थोडे द्यावे. मी म्हणालो तसे "चल, चल" म्हणू नये.

मग मोठ्या खुणा दिसतात. माणूस भलतेच बोलू लागतो. चालताना झोकांड्या खातो. अंग चटका बसावा इतके तापते. कधी घाम थांबतो, कधी चालूही असतो. हा उष्माघात आहे. यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी पुढील गोष्टी करा :

त्याला सावलीत निजवा. कपडे सैल करा. मान, काखा, जांघा आणि छाती यांवर ओली फडकी ठेवा. सारखा वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ते घशात अडकते. १०८ या नंबरला फोन लावा. रुग्णवाहिका फुकट येते. डोंगरावर फोन लागत नसेल, तर चालीच्या दोन माणसांना खाली पाठवा. रुग्णाला एकटे सोडू नका.

पुष्कळ लोक खिशात कांदा ठेवतात. कांदा भाकरीबरोबर खायला चांगला. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. ऊन अडवायचे तर डोक्याला टोपी किंवा मुंडासे आणि अंगात सैल सुती कपडा हवा.

आणखी तीन धोके

पहिला वणवा. वाळल्या गवतावर एक बिडी पडली तरी डोंगर पेटतो. आग चढाकडे फार वेगाने धावते. कारण तिची धग वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. म्हणून आग दिसली तर तिच्या वरच्या अंगाला कधी पळू नये. बाजूला, उघड्या कातळावर किंवा जळून गेलेल्या जागेवर जावे. कळसूबाईचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे आग लावणे हा गुन्हाही आहे.

दुसरा मधमाश्या. कड्याला आग्या मोहोळ असते. धूर, आरडाओरडा आणि दगडफेक यांनी माश्या उठतात. त्या उठल्या तर तोंड-डोके कपड्याने झाका आणि तिथून दूर जा. हात हलवून त्यांना मारू नका. पण पायाखाली दरी आहे, हेही विसरू नका.

तिसरा वळवाचा पाऊस. एप्रिल-मे महिन्यांत सकाळ लख्ख असते. दुपारनंतर ढग जमतात आणि एकदम पाऊस, वारा, वीज सुरू होते. माथा ही त्या भागातली सर्वांत उंच जागा. विजेला तीच जवळची. ढग गडगडू लागले की माथा सोडावा. लोखंडी शिड्यांपासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हावे. वीज दिसल्यावर एक, दोन, तीन असे सावकाश मोजावे. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज जवळ आहे असे समजावे. पहिल्या पावसाने वाटेवरच्या धुळीचा चिखल होतो. तो कोरड्या मुरमापेक्षाही वाईट.

उतरताना जपा

लोकांना वाटते, चढणे अवघड आणि उतरणे सोपे. छातीला ते खरे आहे, पायांना नाही. उतरताना पाय थकलेले असतात. मन घरी पोहोचलेले असते. ऊनही वाढलेले असते. म्हणून घसरण उतरताना जास्त होते.

पावले लहान टाकावीत. गुडघे थोडे वाकवावेत. मुरमाच्या उतारावर पाय आडवा ठेवावा. हातात काठी असावी. दोन माणसांत पाच-सहा पावलांचे अंतर असावे. पायाखालून दगड सुटला तर "दगड!" म्हणून मोठ्याने ओरडावे. सर्वांत मागे जाणता माणूस ठेवावा. मी त्या दिवशी सर्वांत पुढे होतो. मागे काय चालले आहे ते मला उशिरा कळले.

तेव्हा मंडळी, तुम्हाला डोंगर नवा नाही. पण तुमच्याबरोबर येणारे पोर नवे असते. ते तुमच्या भरवशावर येते. त्याची आई निर्धास्त असते. तेवढे लक्षात ठेवा, म्हणजे बाकीचे आपोआप लक्षात राहील.

तो मुलगा आता चार माणसांचा कर्ता झाला आहे. मागल्या उन्हाळ्यात तो आपल्या मुलाला घेऊन कळसूबाईला गेला. जाण्याआधी मला भेटायला आला. मी विचारले, "किती वाजता निघणार?" तो हसला. म्हणाला, "गुरुजी, साडेचारला उठायचं. आणि दोरसुद्धा घेतलाय!"

लक्षात ठेवा

१. उजाडता उजाडता चढायला लागा. साडेआठ-नऊला माथा, साडेअकराच्या आत पायथा.
२. माणशी चार लिटर पाणी, शिवाय सरबत किंवा ताक.
३. पाणी अर्धे झाले की मागे फिरा.
४. सुकलेले गवत आणि कारवी धरू नका.
५. शिडी तापण्याआधी उतरा.
६. कोणी भलते बोलू लागला तर तिथेच थांबा. त्याचे अंग थंड करा. १०८ ला फोन लावा.
७. जाणता माणूस मागे ठेवा.

प्रश्न

१. वैशाखात मुरूम सुटा का होतो?
२. माथ्यावर गार वाटते, तरी पाणी का प्यावे?
३. वणवा दिसला तर कोणीकडे जावे?
४. गुरुजींच्या तीन चुका कोणत्या?
५. तुमच्या गावाजवळच्या डोंगराची वाट उन्हाळ्यात कशी असते? पाच ओळी लिहा.